ऑप्शनची रास्त किंमत कॉम्प्युटरवर कशी काढायची? नाशिकच्या अभ्यासगटात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडवर आमचा छोटा अभ्यासगट भरतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरी करणारे, नाशिकरोडचे निवृत्त, पिंपळगाव-दिंडोरीकडचे बागायतदार, कॉलेज रोडवरची कॉमर्सची मुलं-मुली असे सगळे येतात. ऑप्शन म्हणजे आज ठरलेल्या भावाने, ठरलेल्या तारखेला शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क, आणि प्रीमियम म्हणजे त्या हक्काची किंमत. हा प्रीमियम महाग आहे की स्वस्त, हे ज्याचं त्याला तपासता यावं, एवढाच आमचा विषय. तिथे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणांतला शेअर काल्पनिक आहे, गणित मात्र पूर्ण केलेलं आहे. तुमच्या एक्सेलसारख्या शीटवर हेच आकडे यायला हवेत.

रास्त किंमत म्हणजे उद्या ऑप्शनचा भाव किती होईल, त्याचा अंदाज का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. द्राक्षाच्या हंगामात व्यापारी दिंडोरीला बाग बघतो, किलोचा दर ठरवतो आणि विसार देऊन जातो. बाजार चढला तर ठरलेल्या दराने माल उचलतो. बाजार कोसळला आणि तो फिरकलाच नाही, तर विसार बुडतो. हा विसार किती असावा? ठरलेला दर आजच्या बाजारभावाच्या किती जवळ आहे, तोडणीला किती दिवस आहेत आणि तेवढ्या दिवसांत भाव किती वरखाली होऊ शकतो, यावर ते ठरतं. कॉल ऑप्शनचा, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याच्या हक्काचा, प्रीमियमही याच गोष्टींवर ठरतो.

भाव वर जाईल की खाली, हे या यादीत नाही. ऐकणाऱ्याला पहिल्यांदा ते पटत नाही. त्यामागचं कारण असं: कॉल विकणारा माणूस थोडे शेअर जवळ ठेवून, भाव हलेल तसे ते कमीजास्त करत आपली जोखीम झाकू शकतो. असं झाकताना त्याला जो खर्च येतो, तीच ऑप्शनची रास्त किंमत. तेजी असो की मंदी, तो खर्च शेअर किती हलला यावर ठरतो.

ही किंमत काढायचं सूत्र कुणाचं?

फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी ते १९७३ मध्ये मांडलं, म्हणून त्याला ब्लॅक-शोल्स म्हणतात, आणि रॉबर्ट मर्टन यांनी त्याच वर्षी त्याचा पाया विस्तारला. शोल्स आणि मर्टन यांना १९९७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ब्लॅक यांचं १९९५ मध्येच निधन झालं होतं. आपल्याकडे राष्ट्रीय शेअर बाजारात निर्देशांकावरचे आणि शेअरवरचे ऑप्शन २००१ मध्ये सुरू झाले.

सॉफ्टवेअरमध्ये काय काय भरावं लागतं?

शेअरचा आजचा भाव, स्ट्राइक म्हणजे करारात ठरलेला भाव, एक्सपायरीपर्यंतचा म्हणजे मुदत संपेपर्यंतचा काळ, व्याजदर आणि व्होलॅटिलिटी, म्हणजे भावाची वार्षिक अस्थिरता. मध्ये लाभांश येत असेल तर तोही. पहिले तीन आकडे स्क्रीनवर दिसतात. व्याजदरासाठी ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा दर घेतला तरी चालतो. अस्थिरता मात्र तुम्हालाच ठरवावी लागते, आणि सॉफ्टवेअरच्या उत्तराचा भरवसा तिच्यावरच असतो.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

शेअर १००० रुपयांवर आहे, स्ट्राइकही १०००, एक्सपायरीला ३० दिवस, व्याजदर ६.५ टक्के, अस्थिरता २५ टक्के. काळ वर्षात भरायचा असतो, म्हणून ३० ला ३६५ ने भागा: ०.०८२२. त्याचं वर्गमूळ ०.२८६७. त्याला ०.२५ ने गुणलं की ०.०७१७ येतात. या तीस दिवसांत शेअर साधारण सात टक्के वर किंवा खाली सरकू शकतो, असा त्याचा अर्थ.

पुढे सूत्रातले मधले दोन आकडे: डी-वन येतो ०.११०४ आणि डी-टू ०.०३८७. नॉर्मल वितरणाच्या फंक्शनमधून त्यांची उत्तरं ०.५४३९ आणि ०.५१५४. कॉलची किंमत ३१.२६ रुपये. त्याच स्ट्राइकचा पुट, म्हणजे त्या भावाने शेअर विकण्याचा हक्क, २५.९३ रुपये.

आता एकेक आकडा हलवून बघा, इथेच खरं शिकायला मिळतं. व्याजदर एका टक्क्याने वाढवला तर कॉल जेमतेम ४२ पैशांनी वाढतो. अस्थिरता २५ ऐवजी ३५ टक्के धरली की कॉल ३१.२६ वरून थेट ४२.६३ वर जातो. शेअर जागचा हललेला नाही आणि किंमत एक तृतीयांशाहून जास्त वाढली! म्हणून व्याजदर कोणता घ्यायचा यावर तासभर वाद घालणाऱ्यांना मी सांगतो, तो तास अस्थिरतेला द्या.

दिवसांचंही बघा. ३० दिवस असताना ३१.२६, १५ दिवस असताना २१.५५, ७ दिवस असताना १४.४३. दिवस निम्मे झाले तरी किंमत निम्मी होत नाही. सुरुवातीला ती हळूहळू झिजते आणि शेवटच्या आठवड्यात भराभर संपते. ऐन भावाच्या, म्हणजे आजच्या भावाइतक्याच स्ट्राइकचा कॉल घेऊन ‘बघू शेवटच्या दिवसापर्यंत’ म्हणणाऱ्याला ही झीज दररोज सोसावी लागते.

मग अस्थिरतेचा आकडा आणायचा कुठून?

दोन वाटा आहेत, आणि दोन्ही चालून बघायला हव्यात.

पहिली वाट मागच्या भावांची. एका रकान्यात रोजचे बंद भाव उतरवा. शेजारच्या रकान्यात आजचा भाव भागिले कालचा भाव आणि त्या भागाकाराचा नैसर्गिक लॉग. त्या रकान्याचं प्रमाण विचलन काढा आणि वर्षातल्या कामकाजाच्या सुमारे २५० दिवसांच्या वर्गमुळाने, म्हणजे १५.८ ने गुणा. रोजचं विचलन दीड टक्का असेल तर वार्षिक अस्थिरता जवळपास २४ टक्के होते.

या वाटेवर दोन ठिकाणी पाय अडखळतो. एक म्हणजे बोनस आणि स्प्लिट, ज्यांत शेअरची संख्या वाढते आणि भाव त्याच प्रमाणात उतरतो. एकास एक बोनस झाला आणि भाव समायोजित केलेले नसले, तर त्या दिवशी शेअर ५० टक्के कोसळला असं शीटला वाटतं आणि अस्थिरता भलतीच फुगते. अवघ्या एका ओळीमुळे महिनाभराचं गणित नासतं. दुसरं म्हणजे किती दिवस घ्यायचे. शेवटचे २० दिवस घेतले तर आकडा परवाच्या गडबडीला फार मान देतो, २५० घेतले तर वर्षापूर्वीची जुनी घटनाही धरून बसतो. मी २०, ६० आणि २५० दिवसांचे तिन्ही आकडे शेजारी मांडतो. ते एकमेकांच्या जवळ असतील तर निश्चिंतपणे पुढे जातो. लांब असतील तर आधी कारण शोधतो.

दुसरी वाट बाजाराची. प्रीमियम तर स्क्रीनवर दिसतोच. मग गणित उलटं फिरवायचं: कोणती अस्थिरता भरली म्हणजे सूत्रातून बरोबर हाच प्रीमियम येईल? त्या आकड्याला इम्प्लाइड व्होलॅटिलिटी किंवा नुसतं आयव्ही म्हणतात. पुढच्या काही दिवसांत शेअर किती हलेल असं खरेदी-विक्री करणाऱ्यांना आज वाटतंय, ते त्यात उतरलेलं असतं.

मागची अस्थिरता २४ आणि आयव्ही ३८ असेल तर लगेच ‘ऑप्शन महाग आहे, विकून टाका’ म्हणू नका. तिमाही निकाल, कोर्टाचा निर्णय, मोठा करार असं काही समोर असू शकतं. मागच्या भावांना पुढच्या गुरुवारी निकाल आहेत हे माहीत नसतं.

शीटवर आयव्ही कशी काढू?

एक्सेलमध्ये ‘गोल सीक’ वापरा. कॉलच्या किमतीच्या चौकटीत बाजारातला प्रीमियम यायला हवा असं सांगा, बदलायची चौकट म्हणून अस्थिरतेची द्या. क्षणात उत्तर येतं. लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही ही सोय आहे. फक्त शेवटचा झालेला सौदा प्रीमियम म्हणून घेऊ नका. आजच्या भावापासून दूरच्या स्ट्राइकला तो सौदा सकाळी सव्वानऊचा असू शकतो आणि शेअर तेव्हापासून वीस रुपये हललेला असतो. खरेदीचा आणि विक्रीचा आत्ताचा भाव घ्या, त्यांचा मध्य धरा. दोन्हींत फारच अंतर असेल तर त्या स्ट्राइकची आयव्ही काढण्यात अर्थ नाही.

दोन रुपयांचा कॉल स्वस्तच असतो ना?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवीन माणूस विचारतो, म्हणून याचं गणित सावकाश करू. आपला तोच १००० रुपयांचा शेअर, पण स्ट्राइक ११०० आणि एक्सपायरीला सातच दिवस. बाजारात कॉल दोन रुपयांना आहे. लॉटचा, म्हणजे एका करारातल्या ठरावीक शेअरसंख्येचा हिशेब केला तरी रक्कम लहान वाटते आणि अॅपवर बोट आपोआप जातं.

२५ टक्के अस्थिरतेने या कॉलची रास्त किंमत येते सुमारे ४ पैसे. रुपये नव्हे, पैसे! सूत्राच्या हिशेबात सात दिवसांत शेअर ११०० च्या वर बंद होण्याची शक्यता हजारात तीन. बाजार त्याचे दोन रुपये मागतोय, म्हणजे आयव्ही निघते ४६ टक्के. तुमचा आकडा २५ असेल आणि बाजार ४६ चे पैसे घेत असेल, तर तो कॉल स्वस्त कसा? तो लहान रकमेचा आहे इतकंच. आणि आयव्ही ४६ धरली तरी तो कॉल पैशात येण्याची, म्हणजे एक्सपायरीला हक्क बजावणं फायद्याचं ठरण्याची शक्यता शंभरात सहा-सात.

दोन रुपये गेले तर गेले, असं म्हणत दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या ऑप्शनवर तेवढेच घालवणारी माणसं मला ठाऊक आहेत. वर्षाची बेरीज त्यांनी एकदा शीटवर मांडावी, ही माझी कळकळीची विनंती.

निकाल चांगले लागले, शेअर वर गेला, तरी माझा कॉल पडला. फसवणूक झाली का?

नाही. निकालाच्या आधी आयव्ही फुगते आणि निकाल जाहीर झाला की अनिश्चितता संपून ती खाली बसते. आपल्या पहिल्या उदाहरणात ३५ टक्के आयव्हीने कॉल ४२.६३ ला घेतला आणि दुसऱ्या दिवशी आयव्ही २५ झाली, तर नुसत्या त्या बदलाने ११ रुपयांहून जास्त जातात. ती तूट भरून काढायला शेअर जवळपास १९ रुपये वर जायला हवा. तो १२ रुपये वाढला तर बातमी ‘शेअर वधारला’ अशी येते आणि तुम्ही तोट्यात असता. निकालाच्या आदल्या दिवशी कॉल घेण्याआधी आयव्ही नेहमीच्या पातळीवर आणून शीटवर किंमत काढून बघा. एवढी तपासणी दोन मिनिटांत होते.

बायनॉमियल पद्धत शिकायला हवी का?

कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाइन यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही पद्धत एक्सपायरीआधी कधीही बजावता येणाऱ्या, म्हणजे अमेरिकन प्रकारच्या ऑप्शनसाठी लागते. आपल्याकडे शेअरवरचे ऑप्शन पूर्वी अमेरिकन होते, २०११ पासून ते युरोपियन झाले. निर्देशांकाचे आधीपासून युरोपियनच. म्हणजे हक्क फक्त एक्सपायरीला बजावता येतो, आणि त्यासाठी ब्लॅक-शोल्स पुरेसं आहे. जुन्या नोट्समध्ये अजून अमेरिकन लिहिलेलं सापडतं, तिकडे लक्ष देऊ नका.

लाभांशाचं काय करायचं?

एक्सपायरीच्या आत लाभांशाची तारीख येत असेल तर त्या रकमेची आजची किंमत शेअरच्या भावातून वजा करून मग सूत्रात भरा. लाभांश फार मोठा असेल तर एक्सचेंज स्वतःच स्ट्राइक कमी करून देतं. तसं झालं असेल तर तुम्ही पुन्हा वजाबाकी करू नका.

निफ्टीसाठी आणि सोन्यासाठी हेच सूत्र चालेल?

निफ्टीसाठी निर्देशांकाऐवजी त्याच एक्सपायरीच्या फ्युचरचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या खरेदी-विक्रीच्या कराराचा भाव घेणं मला जास्त योग्य वाटतं. लाभांश आणि व्याज त्यात आधीच धरलेलं असतं. फ्युचरवरून किंमत काढायचं सूत्र फिशर ब्लॅक यांनीच १९७६ मध्ये दिलं. सराफ बाजारातले काही तरुण एमसीएक्स या कमोडिटी बाजारातल्या सोन्याच्या ऑप्शनबद्दल विचारतात. त्यातले बरेच करार सोन्याच्या फ्युचरवरचे असतात, तिथेही ब्लॅक-७६ च लावायचं.

निफ्टीत आणखी एक गोष्ट दिसेल. खालच्या स्ट्राइकच्या पुटची आयव्ही ऐन भावाच्या स्ट्राइकपेक्षा जास्त असते. सूत्र धरून चालतं की सगळ्या स्ट्राइकची अस्थिरता एकच आहे. बाजार तसं मानत नाही, कारण बाजार चढतो पायरीपायरीने आणि पडतो धाडकन. १९८७ च्या अमेरिकी कोसळणीनंतर हा कल जगभर ठळक झाला. म्हणून ऐन भावाची आयव्ही दूरच्या पुटला लावून ‘हा पुट महाग आहे’ असा निष्कर्ष काढला तर तो फसवा ठरतो. प्रत्येक स्ट्राइकची तुलना त्याच स्ट्राइकच्या नेहमीच्या पातळीशी करा.

इंडिया व्हिक्स हा निफ्टीच्या ऑप्शनवरून काढलेला पुढच्या ३० दिवसांच्या अस्थिरतेचा आकडा आहे. मार्च २०२० मध्ये तो ८० च्या वर गेला होता. तो एखाद्या शेअरच्या ऑप्शनला लावू नका. शेअरची अस्थिरता सहसा निर्देशांकापेक्षा बरीच जास्त असते.

माझं शीट भलतंच उत्तर देतंय. चूक कुठे शोधू?

आधी हे बघा: अस्थिरता २५ भरली की ०.२५? काळ ३० भरला की ३० भागिले ३६५? साधा लॉग वापरला की नैसर्गिक? एक्सेलमध्ये नॉर्म.एस.डिस्ट फंक्शनला शेवटी ‘ट्रू’ दिलंय का? ‘फॉल्स’ दिलं तर ते शक्यतेऐवजी वक्राची उंची देतं आणि कॉलची किंमत शून्यावर येते.

मग दोन कसोट्या. पहिली: कॉल वजा पुट हे शेअरचा भाव वजा स्ट्राइकची आजची किंमत याच्याइतकं यायलाच हवं. आपल्या उदाहरणात ३१.२६ वजा २५.९३ म्हणजे ५.३३. तिकडे १००० वजा ९९४.६७, तेही ५.३३. पैशाचाही फरक आला तर सूत्रात चूक आहे. दुसरी कसोटी तोंडी करता येते. ऐन भावाच्या स्ट्राइकला कॉल आणि पुटची सरासरी म्हणजे शेअरचा भाव गुणिले अस्थिरता गुणिले काळाचं वर्गमूळ, या गुणाकाराचे ०.४ पट. आपल्याकडे ०.४ गुणिले ७१.७ म्हणजे २८.७, आणि खरी सरासरी २८.६.

सॉफ्टवेअर कोणतं वापरू?

शिकताना स्वतःचं शीट. एक्सेल, गूगल शीट्स, लिब्रेऑफिस, काहीही चालेल. ब्रोकरच्या अॅपमधला कॅल्क्युलेटर सोयीचा असतो, पण त्याने व्याजदर किती धरला आणि काळ तासांत मोजला की दिवसांत, हे बऱ्याचदा दिसत नाही. शेवटच्या दोन दिवसांत या फरकाने उत्तर चांगलंच बदलतं. पायथन येत असेल तर क्वांटलिब ही मोफत लायब्ररी उत्तम आहे. सुरुवातीला मात्र तिची गरज नाही.

सॉफ्टवेअरने ऑप्शन रास्त किमतीपेक्षा स्वस्त दाखवला. घेऊन टाकू?

थांबा. सॉफ्टवेअरने एवढंच सांगितलं की तुम्ही भरलेली अस्थिरता बाजाराच्या आयव्हीपेक्षा जास्त आहे. बरोबर कोण, हे ठरायचं आहे. तुमच्या आकड्यामागे कारण काय, ते कागदावर लिहून काढा. लिहिता आलं नाही तर सौदा करू नका. कारण सापडलं तरी ब्रोकरेज, एसटीटी हा सौद्यावरचा कर आणि खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर धरून नफा उरतो का ते बघा. दूरच्या स्ट्राइकला नुसतं हे अंतरच तुमच्या हिशेबातल्या नफ्यापेक्षा मोठं असतं.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. या आकड्यात आपल्या ओळखीची माणसं आहेत. पगाराचे, निवृत्तीचे, बागेच्या हंगामाचे पैसे त्यात गेले आहेत. कुणी ‘आमचं सॉफ्टवेअर स्वस्त ऑप्शन शोधून देतं’ म्हणत फी मागत असेल, तर त्याला एकच विचारा: अस्थिरतेचा आकडा तुम्ही कुठून घेता? आणि सल्ला देणारा सेबीकडे नोंदणीकृत आहे का, तेही तपासा.

कंपनीने मला ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्यांना मिळणारे कंपनीच्या शेअरचे ऑप्शन, दिले आहेत. त्यांची किंमत अशी काढता येईल?

काढता येते, कंपन्याही हिशेबासाठी अशाच पद्धतीने काढतात. पण ते विकता येत नाहीत आणि ठरावीक वर्षं थांबावं लागतं. म्हणून पूर्ण मुदतीऐवजी तुम्ही साधारण कधी बजावाल तो काळ धरा. कंपनी शेअर बाजारात सूचीबद्ध नसेल तर त्याच धंद्यातल्या सूचीबद्ध कंपन्यांची अस्थिरता घ्या. पगार कमी करून ईसॉप घेण्याचा प्रस्ताव असेल तर आलेल्या किमतीतून चांगली घसघशीत कपात करूनच तुलना करा. हक्क बजावताना त्या वेळचं बाजारमूल्य आणि तुम्ही भरलेली किंमत यांतल्या फरकावर कर लागतो, तो वेगळा समजून घ्या.

शेअरचा ऑप्शन एक्सपायरीपर्यंत ठेवला तर?

निर्देशांकाचा ऑप्शन रोखीत मिटतो. शेअरच्या ऑप्शनमध्ये ऑक्टोबर २०१९ पासून पूर्णपणे प्रत्यक्ष डिलिव्हरी आहे. कॉल पैशात संपला तर स्ट्राइकच्या भावाने पूर्ण लॉटचे शेअर घ्यावे लागतात, आणि ती रक्कम काही लाखांत जाते. पुट पैशात संपला तर शेअर द्यावे लागतात. जवळ नसतील तर लिलावाचा भुर्दंड बसू शकतो. एक्सपायरीच्या आधीच्या काही दिवसांपासूनच ब्रोकर वाढीव मार्जिन, म्हणजे अनामत रक्कम, मागायला लागतो, आणि तेवढे पैसे नसलेले लोक मिळेल त्या भावाला बाहेर पडतात. त्यामुळे शेवटच्या दिवसांत पैशात असलेले ऑप्शन कधीकधी सूत्राच्या किमतीपेक्षा खाली विकले जाताना दिसतात. शीटवर ते स्वस्त दिसले, तरी घेण्याआधी पूर्ण लॉटचे पैसे खात्यात आहेत का, ते पाहून घ्या.